टपवाल्यांचा हात

कापडी टपाची गाडी बाळगणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. टप पत्र्याचा असला की मारली पाण्याची नळी, फिरवलं फडकं, झालं काम. कापडाचे लाड संपत नाहीत. ते धूळ खातं, धूर खातं, झाडाचा चीक पितं. वर कावळा शिटला आणि मालक चार दिवस बाहेरगावी गेला, की तिथे जन्माचा पिवळा डाग. पाणी मुरलं की बुरशी, बुरशी आली की वास, आणि वास आला की मालक तोंड एवढंसं करून टपवाल्यांच्या शटरपुढे हजर.

टपवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण तीस-पस्तीस वर्षं लोकांनी तेच चालवलं, आणि बँकेतला शिपाईसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. शहरात उघडमीट होणाऱ्या टपाच्या गाड्या असून असून किती असणार, पन्नास-साठ. त्यातली एकही या माणसाच्या गाळ्यात येऊन गेली नाही असं नव्हतं. गाळा टायरच्या दुकानाला चिकटून, लांबट, एका वेळी एक गाडी जेमतेम मावेल एवढा. भिंतीवर ब्रश ओळीने टांगलेले, कोपऱ्यात कॉम्प्रेसर, मागे पाण्याची टाकी आणि एक अरुंद मागचं दार. पुढे शटर आणि शटरबाहेर एक स्टूल. गिऱ्हाइकाने त्या स्टुलावर बसायचं आणि बोलणी खायची, असा तिथला शिरस्ता होता.

"प्रेशरचा पाइप मारलात ना? नाही म्हणू नका. शिवणीतला दोरा विस्कटलाय, तो काय आपणहून विस्कटला?"

"ओलाच टप मिटवून ठेवलात? घरी ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवता का? ठेवता? मग धन्य आहे तुमच्या मंडळींची!"

लोक हसून ऐकून घ्यायचे, कारण काम तसं दुसरं कोणी करत नव्हतं. टपवाले एका टपाला दोन दिवस घ्यायचे आणि एका तासानेही कमी करायचे नाहीत. आधी कोरडा ब्रश, तोही कापडाच्या विणीच्या दिशेने. मग मऊ ब्रशने फेस, एका वेळी हातभर जागा, तिच्यापुढे नाही. मग साधी नळी धरून पाणी, खालून निघणारं पाणी पिण्याजोगं दिसेपर्यंत. फडक्याची तुसं राहिली तर ती चिकटपट्टीने एकेक उचलायची. मग सावलीत वाळवण. आणि वाळलं की नाही हे बघायला ते कापडावर गाल टेकायचे. तळहाताची कातडी जाड झालेली असते, तिला ओल कळत नाही, गालाला कळते, असं त्यांचं म्हणणं. भर दुपारी एक पिकल्या मिशांचा माणूस कुणाच्या तरी गाडीवर डोकं ठेवून डोळे मिटून उभा आहे, हे दृश्य त्या रस्त्याला सवयीचं झालं होतं.

हे सगळं मात्र धुणं. खरी परीक्षा त्यानंतर, दुसऱ्या दिवशी. कापडात पाणी मुरू नये म्हणून त्यावर एक औषध फवारतात. काचा आणि रंगवलेला पत्रा वर्तमानपत्रांनी झाकायचा आणि स्प्रे गनने टपावर पट्टा मारायचा, त्याला अर्धा झाकत दुसरा, मग तिसरा. औषध एके ठिकाणी जास्त पडलं की वाळल्यावर चट्टा दिसतो. कमी पडलं की पहिल्याच सरीला गळतं. पट्टा मारताना मध्येच श्वास घेतला की खांदा हलतो, खांदा हलला की पट्टा वाकडा. टपवाल्यांनी उमेदवारी केली ती ताडपत्री शिवणाऱ्या एका उस्तादाकडे. त्याने शिकवलं होतं: छाती भरून घे, श्वास धर, या टोकापासून त्या टोकापर्यंत गन ने, आणि मगच सोड. दुसरी शिकवण, ओल्या कोटावर, म्हणजे औषधाच्या ताज्या थरावर, धूळ बसली तर ती जन्मभर निघत नाही, म्हणून फवारताना दार बंद.

टपवाल्यांची फवारणी म्हणजे लोक नाव काढायचे. "हात आहे बुवा," म्हणायचे. "असा सारखा कोट मशीनलाही जमायचा नाही."

तो हात टपवाल्यांचा नव्हता. अकरा वर्षं नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. मालिश झाली, शेक झाला, शेवटी ऑपरेशनही झालं. ब्रश मारता यायचा, नळी धरता यायची, पण हात लांबवून गन धरली की बोटं थरथरायची. एक टप त्यांनी असा बिघडवला की औषध पुन्हा सगळं काढून, धुऊन, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही. बायको घरी पडदे शिवायची. कापडावर खूण न करता कात्री सरळ रेषेत नेणारी बाई. ती डबा घेऊन आली, दारात उभी राहून नवऱ्याची ती थरथर थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "द्या इकडे."

"हे काय पडदे आहेत?"

"द्या हो."

तिने पहिला पट्टा मारला. दुसरा मारला. टपवाले वाकून बघत राहिले. दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत, कारण आनंद आणि राग एकाच वेळी आले की माणसाला कुठला आधी दाखवावा ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "श्वास धरायला शीक. तेवढं जमलं तर बरं होईल." आणि उस्तादाचा मंत्र त्यांनी तिला दिला. तिने तो आठवड्यात आत्मसात केला.

तेव्हापासून ठरून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डब्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने यायची. शटर खाली ओढलं जायचं. टपवालेही मागच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून, पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, कुणी शटर वाजवू नये म्हणून लक्ष ठेवत. कॉम्प्रेसर थांबला की परत आत. मग ते हात पुसत पुसत शटर वर करायचे, आणि ती रिकामा डबा घेऊन आली तशी जायची. धंद्याची गुपितं असतात, एवढं लोकांना कळत होतं, त्यांनी कधी जास्त चौकशी केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा तिने विचारलं होतं, "मी पुढच्या दाराने गेले तर काय होईल?"

"लोकांना तोंड असतं. म्हणतील, बायकोला राबवतो."

हे त्यांनी असं म्हटलं की जणू काळजी तिचीच होती. त्यांना स्वतःलाही तसंच वाटलं. माणूस वाईट नव्हता. घरात कधी हात उगारला नाही, तिच्या आजारपणात भांडी घासली, तिच्या भावाच्या अडीअडचणीला रात्रंदिवस धावला. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला फार सोपी गेली असती.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका आठवड्यात घड्याळांच्या दुकानाचे मालक आपली जुनी लाल गाडी घेऊन आले. काळा कापडी टप, मूळचा, चाळीस वर्षांचा. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि घड्याळवाल्यांना तिथे मिरवायचं होतं. धुणं उत्तम झालं. पण नेहमीचं औषध बाजारात मिळेनासं झालं होतं, म्हणून टपवाल्यांनी दुसरा एक डबा आणला. हे औषध पातळ, फवारा धुक्यासारखा बारीक, आणि कापडात खोल शिरणारं. डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: फक्त उघड्या हवेत वापरावे, वाफ हुंगू नये, फुफ्फुसांना धोका. टपवाल्यांनी ते वाचलं. वाचलं नाही असं त्यांना पुढे कधीही म्हणता आलं नाही, कारण त्यांनी ते बायकोला मोठ्याने वाचूनसुद्धा दाखवलं होतं.

"हे कंपनीवाले पाण्याच्या बाटलीवरही लिहितील, जपून प्या, ठसका लागेल."

ती हसली होती.

बाहेर रस्ता खणून ठेवलेला. डंपर जाता-येता मातीचे लोट उठत होते. टपवाल्यांनी शटर ओढलं, खालच्या फटीत ओली पोती कोंबली, आणि छतालगतचा पंखा बंद केला, कारण तो बाहेरची धूळ आत ओढायचा. बायकोने तोंडाला मास्क लावला आणि नेहमीसारखा दोन मिनिटांत गळ्यात उतरवला. मास्क लावला की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि ओल्या पट्ट्याची कड दिसायची नाही. मागचं दार लावून टपवाले बाहेर पडले.

टपरीवर त्यांनी एक चहा घेतला, मग दुसरा. कॉम्प्रेसर चालूच होता. मध्ये तो थांबला तेव्हा ते मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आतून खोकला ऐकू आला.

"काय गं, झालं का?"

"एक कोट राहिलाय."

"दम खा जरा. बाहेर ये."

"वाळून जाईल तोवर. जोडाची कड दिसेल मग."

तिचं बरोबर होतं. कड दिसली असती. टपवाल्यांना ते पटलं, आणि ते परत टपरीवर गेले.

संध्याकाळी घड्याळवाले गाडी घेऊन गेले, आणि घरी आल्यावर तिची छाती भरून आली. हुडहुडी भरली. टपवाल्यांनी गरम पाण्याची वाफ दिली, दोन पांघरुणं घातली, आणि "सर्दी उतरलीय छातीत," असं स्वतःच ठरवून टाकलं. सकाळी तिचे ओठ निळसर दिसले. वाक्य पुरं करायला तिला तीन वेळा थांबावं लागत होतं. टॅक्सीत ती त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती, आणि तिची प्रत्येक धाप त्यांना आपल्या बरगड्यांत जाणवत होती.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, भरभर बोलणाऱ्या. नाकातोंडावर ऑक्सिजन लावून झाल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, "काका, यांना दमा होता का? नाही? घरात काही जळलं, काही फवारलं? झुरळांचं औषध वगैरे? या काही काम करतात का कुठे?"

बायकोचे डोळे उघडे होते. ती टपवाल्यांकडे बघत होती.

आता इथे एका वाक्याचं काम होतं. तिने काल बंद खोलीत औषध फवारलं, एवढंच. पण ते वाक्य तोंडात आलं तेव्हा त्याच्यामागून आणखी बरीच वाक्यं रांग लावून उभी होती. तिने का फवारलं? तुम्ही कुठे होतात? दार कोणी लावलं? किती वर्षं? आणि वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई कान टवकारून बसली होती, तिचा नवरा गाडीच्या दुरुस्तीच्या धंद्यातलाच.

"नाही हो," ते म्हणाले. "ही घरीच असते."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, गृहिणी. बायकोने डोळे मिटून घेतले.

न्यूमोनिया धरून उपचार सुरू झाले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दुसऱ्या दिवशी लेक आली, परगावी नोकरीला होती ती. आई डबा घेऊन गाळ्यावर जाते, एवढंच तिला ठाऊक. तिने येताच सगळं हातात घेतलं, औषधांच्या वेळा, कागद, आईची वेणी. बाबांना म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंय का?" तेव्हा टपवाल्यांना रडू कोसळलं, आणि लेकीला वाटलं की बाबा किती हळवे आहेत.

त्याच दिवशी, म्हणजे रविवारी संध्याकाळी, घड्याळवाले भेटायला आले. हातात फळांची पिशवी, अंगावर प्रदर्शनातला कोट तसाच. दोन मिनिटं हळू आवाजात विचारपूस केली, पण आनंद पोटात माईना.

"टपवाले, ही वेळ नव्हे, कळतं मला. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोक टपाला हात लावून लावून बघत होते. बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं मी त्यांना! थेंबन् थेंब घरंगळून खाली. तुमच्या हाताला तोड नाही."

खाटेवर ती डोळे मिटून पडलेली. ऑक्सिजनची नळी फुसफुसत होती. झोपलीय की जागी आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

"आपलं कामच आहे ते," टपवाले म्हणाले.

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. पण गेलेला शब्द काही चिकटपट्टीने उचलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ती आणखी खालावली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्मा काढून डोळे चोळले आणि लेकीला म्हणाल्या, "औषध लागू पडत नाहीये. तपासण्यांत जंतू सापडत नाहीत. हे जंतूंचं दुखणं दिसतच नाही मला. पण मग कशाचं, हेच कळत नाहीये."

"कळलं तर?" टपवाल्यांनी विचारलं.

"कळलं तर निदान दिशा मिळेल, काका."

टपवाले उठले. "आलोच," म्हणाले आणि जिना उतरून रस्त्याला लागले. गाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसने जायला एक तास, यायला एक तास. बसमध्ये ते मनाशी हिशेब करत होते. एका कोटाला चौदा पट्टे. तीन कोट. म्हणजे बेचाळीस वेळा तिने श्वास धरला, आणि बेचाळीस वेळा सोडून पुन्हा छाती भरून घेतला, त्याच धुक्यात. आपण शिकवलं तसा. गाळ्यात शटरच्या फटीतली पोती वाळून कडक झाली होती. त्यांनी तो डबा उचलला, पिशवीत घातला आणि परतीची बस धरली.

डॉक्टरीणबाईंनी लाल अक्षरं वाचली आणि टपवाल्यांकडे बघितलं.

"हे त्यांनी फवारलं? बंद जागेत?"

"हो."

"कधी?"

"शुक्रवारी दुपारी."

"हे आणायला गेला होतात तुम्ही? दोन तास?" त्यांचा आवाज चढला. "काका, डबा मागितला होता का मी? मला तोंडाने सांगता आलं नसतं?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, आत धावल्या. टपवाल्यांना उत्तर ठाऊक होतं. तोंडाने सांगता आलं नसतं. डबा टेबलावर ठेवता आला, एवढीच त्यांची धाव होती. लेक भिंतीला टेकून उभी होती, हातात आईची फाइल, पहिल्याच पानावर गृहिणी असं लिहिलेली. ती एवढंच म्हणाली, "बाबा, परवा विचारलं होतं ना हो त्यांनी?" आणि मग चार दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली.

उपचार बदलले. सहाव्या दिवशी ताप हटला, नवव्या दिवशी ती बसू लागली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी टपवाल्यांना बाजूला घेतलं. फुफ्फुसं निम्मीशिम्मी उरली आहेत, त्यांवर डाग धरलेत, ते जायचे नाहीत. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल. जिना नाही, ओझं नाही, आणि कसलीही फवारणी, रंग, धूर, काही म्हणता काही नाही.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" टपवाल्यांनी विचारलं. हे त्यांना विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"वेगळं औषध पहिल्या दिवशी सुरू केलं असतं. त्याने किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार."

घरी खिडकीशी पलंग हलवला. मशीन दिवसभर घरघरायचं. टपवाले पहाटे उठायचे, पाणी तापवायचे, तिचे केस विंचरायचे, भाजी चिरायचे. लेक महिनाभर राहून गेली. शेजारीण यायची, तिच्याशी बायको थांबत थांबत का होईना बोलायची, हसायचीही. टपवाले आले की मात्र हो, नाही, ठेवा तिथे. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, दम पुरत नाही बिचारीला. मग त्यांच्या लक्षात आलं की दम पुरत नाही तो फक्त आपल्यापुरता.

एका दुपारी ते पलंगाच्या कडेला बसले. "बोल एकदाचं," म्हणाले. "शिव्या दे. दार मी लावलं. पोती मी कोंबली. पंखा मी बंद केला. तुला मारून टाकत होतो मी."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग मान वळवली. बोलताना दर तीन-चार शब्दांनी थांबत होती, आणि टपवाल्यांना त्या मधल्या वेळात बसून राहावं लागत होतं.

"दाराचं... काही नाही. दार मीही लावलं असतं. धूळ बसली असती कोटावर."

"मग?"

"डॉक्टरीणबाईंना... म्हणालात... घरीच असते."

"घाबरलो होतो गं."

"मी मरत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही... तुमचं नाव वाचवत होतात." ती थांबली. हवा ओढून घेतली. "तेही तुमचं नाही. माझं."

टपवाल्यांनी खाली मान घातली. मशीन घरघरत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "मी काय करू?"

"सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. पहिले घड्याळवाले. काउंटरशी उभं राहून टपवाल्यांनी सगळं सांगितलं, अकरा वर्षं, मागचं दार, चहाची टपरी, बेचाळीस श्वास. गाळलं काही नाही. घड्याळवाल्यांनी भिंग खाली ठेवलं, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"टपवाले, तुमचं मन किती मोठं! वहिनींना बरं वाटावं म्हणून आपलं सगळं नाव त्यांच्या पदरात टाकायला निघालात. अशी माणसं राहिली नाहीत हो."

"अहो, खरं सांगतोय मी."

"कळलं, कळलं. बसा. चहा घ्या."

तिथून ते एका निवृत्त वैमानिकाकडे गेले. तो मोठ्याने हसला. "वीस वर्षं तुमच्याकडे येतोय मी. डबा आणणारी बाई आणि ही फवारणी? थट्टा करता काय गरिबाची!" त्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेही टपवाल्यांसाठीच. चौथ्याने दाराआड आपल्या बायकोला हळूच सांगितलेलं त्यांना ऐकू आलं, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. डोक्यावर परिणाम झालाय." वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा एका वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसला असता. आता पानभर सांगितलं तरी ऐकणाऱ्याला त्यात नवऱ्याचंच चांगुलपण दिसत होतं. आणि सिद्ध करायला तरी काय होतं? गन तिच्या हातात देऊन दाखवा म्हणायची सोय नव्हती. तिच्या अकरा वर्षांना आता साक्षीदार एकच, आणि तो असा.

चारच्या सुमाराला ते घरी आले. ती उशीला टेकून बसली होती, त्यांचीच वाट बघत.

"काय म्हणाले?"

क्षणभर त्यांच्या मनात आलं, सांगावं की सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, वहिनींना नमस्कार सांगितलाय. तिला बरं वाटलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"कुणाला पटत नाही," ते म्हणाले. "माझाच मोठेपणा म्हणतात. एक तर म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, पुसायला हात उचलला की दम लागायचा. टपवाल्यांनी पुसायला हात पुढे केला तर तिने मान बाजूला घेतली.

"किती जणांना... सांगितलंत?"

"चौघांना."

"गाड्या किती आहेत?"

"छप्पन्न."

तिने दोन श्वास घेतले.

"मग बसलात काय?"

टपवाले उठले. पाणीही न पिता त्यांनी चपला घातल्या, गिऱ्हाइकांच्या वहीत पाचवा पत्ता बघितला आणि दार ओढून घेतलं.